‘कर फार आहे’ आणि ‘कर अन्यायाचा आहे’: एका सुस्काऱ्यातल्या दोन तक्रारी

पगाराची स्लिप उघडली की नजर आधी शेवटच्या आकड्यावर जाते आणि मग वर सरकून कपातीच्या रकान्यावर थांबते. ‘केवढा कर कापतात!’ असा सुस्कारा निघतो. त्या एका सुस्काऱ्यात दोन तक्रारी गुंतलेल्या असतात. पहिली ओझ्याची: माझ्याकडून घेतात ते मला झेपत नाही. दुसरी न्यायाची: माझ्याकडून घेतात आणि त्याला मोकळं सोडतात. बोलताना दोन्ही सारख्याच ऐकू येतात. पण त्यांची कारणं वेगळी आहेत, उपायही वेगळे आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर दुखणं वाढतं.

मी लोकांची करविवरणपत्रं भरून देण्याचं काम करतो. एकदा एक परिचारिका रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आल्या होत्या, ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. भरायची रक्कम सांगितली तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. कागद पिशवीत घालता घालता मात्र म्हणाल्या, ‘माझा पगार शेवटच्या पैशापर्यंत कागदावर असतो. आमच्या इमारतीत एक जण राहतात, सगळा व्यवहार रोखीचा. माझ्याएवढं तरी कमावत असतील. ते किती भरत असतील हो?’

त्यांचा कर मी थोडा कमी करून दिला असता तर त्यांना आनंदच झाला असता, पण प्रश्न तसाच राहिला असता. तक्रार कोणती आहे हे ओळखण्याची माझी खूण तेव्हापासून हीच आहे. कर निम्मा झाला तर तक्रार मिटेल का? मिटत असेल, तर ती ओझ्याची. रक्कम तेवढीच राहिली, पण आपल्यासारखी कमाई असणारे सगळेच तेवढं भरू लागले, तर मिटेल का? मिटत असेल, तर ती न्यायाची.

कर हलका असूनही अन्यायाचा वाटू शकतो, याचं सगळ्यात ठळक उदाहरण १७७३ सालच्या बोस्टनचं आहे. ब्रिटिश संसदेनं त्या वर्षी चहाचा कायदा केला. ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकी वसाहतींमध्ये नेऊन विकायची मुभा मिळाली आणि त्यामुळे तिथे चहा स्वस्त होणार होता. पौंडभर चहामागे तीन पेन्सचा जुना कर मात्र तसाच ठेवला होता. नुसत्या ओझ्याचा हिशोब केला तर वसाहतीतल्या लोकांनी खूश व्हायला हवं होतं. त्यांनी १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या बंदरातल्या पाण्यात रिकाम्या केल्या. ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही, तिनं आपल्यावर कर का लावावा, हा त्यांचा सवाल होता. (स्वस्त चहामुळे ज्यांचा धंदा बुडणार होता असे व्यापारी आणि तस्करही त्या चळवळीत होते. तेवढ्यानं मूळ सवाल खोटा ठरत नाही.)

कधी कधी दोन्ही तक्रारी हातात हात घालून येतात. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार वर्षांत तीनदा डोईपट्टी लावली गेली. १३७७ साली सरसकट डोईमागे चार पेन्स. १३७९ साली दर्जा पाहून: ड्यूकला जास्त, शेतकऱ्याला कमी. तिसऱ्यांदा पुन्हा डोई मोजणं सुरू झालं आणि दर पहिल्याच्या तिप्पट झाला. १३८१ साली शेतकऱ्यांचं बंड पेटलं. त्यानंतर सहाशे वर्षांनी, १९९० साली, मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं स्थानिक संस्थांसाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये पुन्हा माणशी पट्टी लावली. स्कॉटलंडमध्ये ती आदल्याच वर्षी सुरू झाली होती. काहींना सूट होती, पण तत्त्व एकच: एका भागात राहणाऱ्या श्रीमंत जमीनदाराला आणि त्याच्या माळ्याला सारखीच रक्कम. ३१ मार्चला लंडनच्या ट्राफल्गार चौकात दंगल झाली, नोव्हेंबरमध्ये थॅचर पायउतार झाल्या आणि १९९३ साली ती पट्टी मोडीत निघाली. ज्यांच्या घरची पट्टी कमी झाली होती, अशा अनेकांनाही ती पटली नव्हती.

इथे न्यायाच्या तक्रारीचेही दोन पदर उलगडावे लागतात, कारण तेही सारखे मिसळतात. परिचारिकेचा प्रश्न बरोबरीच्या माणसाबद्दल होता: सारखी कमाई असेल तर कर सारखा का नाही? १९९० सालचा राग वेगळा होता: कुवत सारखी नसताना कर सारखा का? दुसऱ्या पदराचं उदाहरण अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी स्वतःच २०११ साली जाहीरपणे दिलं. त्यांनी भरलेला कर त्यांच्या करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के होता, आणि त्यांच्या कार्यालयातल्या इतर वीस जणांची सरासरी ३६ टक्के होती. कोणीही कायदा मोडला नव्हता. गुंतवणुकीतून होणाऱ्या भांडवली नफ्यावरचा दर कमी होता आणि पगारावर आयकर आणि सामाजिक सुरक्षेचा कर अशी दुहेरी कपात होती, एवढंच. पहिल्या अन्यायाला अंमलबजावणी लागते, दुसऱ्याला कायदाच बदलावा लागतो.

लोकांना नक्की काय टोचतं, हे मोजलंही गेलं आहे. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ सालच्या पाहणीत, कंपन्या आणि श्रीमंत आपला रास्त वाटा भरत नाहीत याचा फार त्रास होतो असं सांगणारे सुमारे ६० टक्के होते. स्वतःला भराव्या लागणाऱ्या रकमेबद्दल तेवढाच त्रास होतो म्हणणारे ४० टक्क्यांच्या आत होते. तरी निवडणुका आल्या की आश्वासन बहुतेक वेळा दरकपातीचंच मिळतं. मला हे खरोखर अस्वस्थ करतं. दर सरसकट एक टक्क्यानं उतरवला तर १००० कमावणाऱ्याला १०० कमावणाऱ्याच्या दहापट फायदा होतो, आणि जो काहीच भरत नव्हता तो तसाच बाहेर राहतो. तक्रार न्यायाची होती, औषध ओझ्याचं मिळालं.

ओझ्याची तक्रार कमी दर्जाची आहे, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. महिनाअखेर ज्याच्या हातात काही उरत नाही त्याला, श्रीमंतांवर कर वाढला, या बातमीनं औषधाची बाटली मिळत नाही. त्याला सूटच हवी, आणि ती आजच हवी.

शिवाय ओझं मोजण्यातच आपली गल्लत होते. टप्प्यांच्या करपद्धतीत वरच्या टप्प्यात गेलो की सगळ्याच उत्पन्नावर वरचा दर लागतो, ही समजूत मी दर वर्षी ऐकतो. समजा पहिल्या १०० वर कर नाही, पुढच्या १०० वर १० टक्के, त्यापुढे २० टक्के. २०० कमावणारा १० भरतो, त्याच्याकडे १९० उरतात. तो २१० कमावू लागला तर वरच्या दहावरच २० टक्के लागतात: कर १२, उरले १९८. पगारवाढीनं तो तोट्यात जात नाही. तरी पगारवाढीला घाबरणारी माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत.

उलट, खर्चावरचा कर किमतीत विरघळलेला असल्यानं ओझं म्हणून जाणवतच नाही, आणि न्यायाचा प्रश्न तिथेच जास्त टोकदार असतो. १०० कमावून सगळेच खर्च करणारा १० टक्के करानं १० देतो, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. १००० कमावून ४०० खर्च करणारा ४० देतो, म्हणजे कमाईचे चार टक्के. दर एकच, पण गरिबाच्या कमाईतून जाणारा हिस्सा अडीचपट. या कराचा सुस्कारा कुठल्याच स्लिपवर निघत नाही, म्हणून त्यावर बोलणंही कमी होतं.

आता त्या परिचारिकेच्या शंकेकडे वळतो, कारण तिला कुणी मत्सर म्हणेल. डेन्मार्कमध्ये करांचं प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून जास्त असतं, जगातल्या सर्वात वरच्या देशांमध्ये. तिथे हजारो करदात्यांची तपासणी करून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मालक किंवा बँक जे उत्पन्न परस्पर सरकारला कळवते, त्यात चोरी जवळजवळ शून्य होती. जे उत्पन्न माणूस स्वतःच सांगतो, त्यात ती लक्षणीय होती. पगारदार स्वभावानं जास्त प्रामाणिक असतो असा याचा अर्थ मी काढत नाही. त्याला लपवायला जागाच नसते. परिचारिकेनं अनुभवानं बोट ठेवलं होतं ते नेमकं इथे. आणि हा भेद तसाच ठेवून दर खाली आणले काय किंवा वर नेले काय, कागदावर असलेल्या माणसाला दोन्ही वेळा आपणच सापडलो असं वाटतं.

इतर भरतात की नाही, यावर आपलं भरणं किती अवलंबून असतं तेही दिसून आलं आहे. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांना पाठवायच्या पत्रात एक वाक्य घातलं होतं, की दहापैकी नऊ जण वेळेवर कर भरतात. त्या वाक्यानं भरणा वाढला. रक्कम तीच होती, दरही तोच.

मी परिचारिकेला तेव्हा खरं तेच सांगितलं, की ते गृहस्थ किती भरतात हे मला ठाऊक नाही आणि तुम्हाला कळायची सोयही नाही. मग नॉर्वेबद्दल सांगितलं. तिथे कोणाचंही उत्पन्न आणि कर कर खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतो. २०१४ सालापासून मात्र, आपली माहिती कुणी पाहिली ते त्या माणसाला कळतं, आणि तेव्हापासून असं डोकावणं खूपच कमी झालं.

त्यांनी थोडा विचार केला. ‘मला नाव-आकडा काही नको हो,’ म्हणाल्या. ‘कुणीतरी त्यांचेही कागद माझ्यासारखेच तपासतंय, एवढं कळलं तरी चालेल.’ मग पुढच्या वर्षी कोणते कागद लवकर आणायचे ते विचारून त्या झोपायला घरी गेल्या.