पोस्ट कॅप्टन

शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश शाही आरमारातील अधिकाऱ्याचे पुढचे सारे आयुष्य ठरवणारा हुद्दा. साधारण २० किंवा अधिक तोफांच्या जहाजाचा कॅप्टन म्हणून सनद मिळाली की त्या तारखेने नाव सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाशी लागे. तेथून वर सरकायला पराक्रम लागत नसे, वरची माणसे कमी व्हावी लागत. गुरुवारी मद्याचा पेला उंचावताना ‘घनघोर युद्ध पेटो, नाही तर रोगाची साथ येवो’ असे म्हणण्याची आरमारात रीत होती. तिच्यात थट्टा होती, तसा हिशेबही होता.

यादीत शिरणेच अवघड. बारा-तेरा वर्षांचा मुलगा कुणाच्या तरी ओळखीने जहाजावर चढे आणि सहा वर्षे समुद्रावर काढल्यावर लेफ्टनंटच्या परीक्षेला बसे. ही परीक्षा आरमार खात्याचा सचिव सॅम्युअल पेप्स याने १६७७ मध्ये सुरू केली. भूदलातल्या सनदा पैसे मोजून मिळत, आरमारातल्या मिळत नसत. वशिला मात्र उघडपणे चाले. होरेशिओ नेल्सन १७७७ मध्ये ही परीक्षा उतरला तेव्हा १८ वर्षांचा होता. नियमाने वीस हवीत. परीक्षक मंडळात त्याचा सख्खा मामा मॉरिस सकलिंग बसला होता.

कथबर्ट कॉलिंगवुड नेल्सनहून दहा वर्षांनी मोठा आणि दोन वर्षे आधी लेफ्टनंट झालेला. पण वेस्ट इंडीजमध्ये ॲडमिरल पीटर पार्कर याची मर्जी नेल्सनवर बसली. तो १७७९ मध्ये, विशीतच, पोस्ट कॅप्टन झाला. कॉलिंगवुडला ती सनद १७८० मध्ये मिळाली, तीही नेल्सनने सोडलेल्या ‘हिंचिनब्रुक’ जहाजावर. ही मागेपुढे कायमची राहिली: नेल्सन १७९७ मध्ये रिअर ॲडमिरल, कॉलिंगवुड १७९९ मध्ये. ट्राफलगरच्या लढाईत (१८०५) नेल्सन सेनापती आणि कॉलिंगवुड दुय्यम सेनापती होता. नेल्सन पडल्यावर ताफा त्याच्याकडे आला आणि १८१० मध्ये, घरी न परतताच, तो समुद्रावर वारला.

शांतता झाली की जहाजे बंदरात बांधून ठेवली जात आणि कॅप्टन अर्ध्या पगारावर घरी बसत. खुद्द नेल्सनने १७८८ ते १७९३ अशी वर्षे नॉरफोकमधल्या बापाच्या गावी काढली. यादीतला क्रम घरी बसूनही टिके, त्यामुळे सुमार माणूससुद्धा दीर्घायुषी असेल तर ॲडमिरलपदाला पोचे. अशांना ताफा न देता नुसता हुद्दा देत. आरमाराचे विभाग लाल, पांढरा आणि निळा. यांतला कोणताच विभाग नाही म्हणून यांना ‘पिवळे ॲडमिरल’ म्हणत.

पैसा पगारापेक्षा लुटीत होता. पकडलेल्या जहाजाच्या किमतीचे आठ वाटे होत आणि १८०८ पर्यंत त्यांतले तीन कॅप्टनच्या बाजूचे असत; हुकूम ॲडमिरलचा असेल तर त्यांतला एक तो घेई.

ही यादी राजाच्या आरमारापुरती होती. सुवर्णदुर्ग घेणारा (१७५५) विल्यम जेम्स ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या आरमाराचा, म्हणजे बॉम्बे मरीनचा, कमोडोर, म्हणून तिच्याबाहेरचा. विजयदुर्गाची आगाऊ पाहणीही त्यानेच केली. १७५६ मधल्या प्रत्यक्ष हल्ल्यात आरमाराचे नेतृत्व मात्र राजाच्या ॲडमिरल चार्ल्स वॉटसनकडे गेले.