गव्हाच्या मुळातली बारीक नळी

जिरायती गव्हाचं सगळं आयुष्य जमिनीत मुरलेल्या ओलीवर जातं. पेरणीच्या वेळी भारी काळ्या जमिनीत जेवढी ओल असेल, तेवढ्यावर दाणा भरेपर्यंत निभवायचं. पण थंडीत पीक जोमात येतं, भरपूर फुटवे काढतं, पानं पसरतं आणि ओंबी बाहेर पडेपर्यंत खालची ओल संपत आलेली असते. मग दाणा सुरकुततो.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतले जॉन पॅसिऊरा यांनी यावर १९७२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठलेल्या ओलीवर वाढणाऱ्या गव्हाची बाकीची बीजमुळं, म्हणजे दाण्यातून थेट फुटणारी मुळं, काढून त्यांनी एकच ठेवलं. रोपाला पाणी हळूहळूच मिळू लागलं. पण फुलोऱ्यानंतर त्या झाडांजवळ ओल शिल्लक होती आणि त्यांनी बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त धान्य दिलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण भरपूर मुळं म्हणजे चांगलं पीक हा आपला पक्का समज तो थेट हलवतो.

शेतात कोणी मुळं छाटत बसणार नाही. म्हणून पॅसिऊरा यांनी संशोधक रिचर्ड रिचर्ड्स यांच्यासोबत मुळातल्या मुख्य जलवाहिनीकडे मोर्चा वळवला. ही नळी साधारण ६५ मायक्रोमीटर रुंद असते. निवड आणि संकर करत त्यांनी ती ५५ मायक्रोमीटरच्या खाली आणली. फरक जेमतेम दहा मायक्रोमीटरचा, पण नळीतून वाहणारं पाणी तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. त्यामुळे पाण्याला होणारा विरोध जवळपास दुप्पट झाला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कोरड्या ठिकाणी उत्पादन ३ ते ११ टक्क्यांनी वाढलं. पावसाच्या वर्षी नुकसानही नाही, कारण वरची जमीन ओली असली की बुंध्याजवळची नवी मुळं फुटतात आणि तीच पाणी ओढतात.

काटकसर पानांतही शोधता येते. हवेतल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३, म्हणजे जरा जड प्रकारचा कार्बन, असतो आणि पानातलं रुबिस्को हे विकर त्या जड कार्बनला टाळतं. पाणी वाचवायला पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, आवळून धरणाऱ्या झाडात मात्र आतला कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, मग निवड करायला फारसा वाव उरत नाही आणि कार्बन-१३ जास्त शिरतो. म्हणजे वाळलेल्या पानाचा नुसता चिमूटभर चुरा तपासला, तरी त्या झाडाने पाणी किती जपून वापरलं ते समजतं. ग्रॅहम फारकर आणि रिचर्ड्स यांनी १९८४ मध्ये गव्हात हे दाखवलं. याच कसोटीवर निवडलेला ‘ड्रायस्डेल’ हा वाण २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात आला.

पण काटकसरी झाड हळू वाढतं, आणि जिथे पीक उभं असताना पाऊस पडतो तिथे हाच दोष ठरतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हलक्या जमिनींवर उघड्या मातीतून पाणी उडून जातं. तिथे लवकर रुंद पानं काढून जमीन झाकणारा गहू हवा. त्यामुळे नुसतं ‘दुष्काळ सहन करणारा वाण’ म्हणणं मला अपुरं वाटतं. ओल पेरणीआधी मुरलेली की पीक उभं असताना पडणाऱ्या पावसाची, जमीन भारी की हलकी, ताण सुरुवातीला की दाणे भरताना, हे आधी विचारायला हवं. आपल्याकडे पंचवटी आणि शरद हे गव्हाचे वाण जिरायतीसाठी, तर त्र्यंबक बागायतीसाठी अशा वेगळ्या शिफारशी असतात, त्या याच हिशोबाने.