एकच कन्सोल, दोन रंग: जुनं प्लास्टिक पिवळं का पडतं?

१९९१ साली अमेरिकेत विक्रीला आलेल्या सुपर निन्टेंडो या व्हिडिओ गेमच्या यंत्राचे, म्हणजे कन्सोलचे, जुने नग पाहिले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. कन्सोलचा वरचा अर्धा भाग पिवळट तपकिरी झालेला असतो आणि खालचा अर्धा अजून जवळपास मूळच्याच राखाडी रंगाचा असतो. वरच्या भागावर ऊन जास्त पडलं असेल, असं आधी वाटतं. पण दोन्ही भाग जिथे जुळतात तिथे उजेड दोघांवर सारखाच पडतो, आणि तिथेही रंगाची सीमा आखून काढल्यासारखी स्पष्ट असते. काही नगांत तर खालचा भाग पिवळा आणि वरचा राखाडी, असा उलटाच प्रकार दिसतो.

म्हणजे उजेड हे एकमेव कारण नाही. फरक प्लास्टिकच्या आत आहे. दोन भाग वेगवेगळ्या साच्यांत, वेगवेगळ्या घाण्यांच्या प्लास्टिकपासून बनले आणि त्या घाण्यांत मिसळलेली रसायनं तंतोतंत सारखी नव्हती. कारखान्यातून बाहेर पडताना दोघांचा रंग एकच होता. त्यांच्यातला फरक उघड व्हायला काही वर्षं जावी लागली.

कमोडोर ६४ (१९८२), अमिगा ५०० (१९८७), गेम बॉय (१९८९), ड्रीमकास्ट (१९९८) अशा बहुतेक जुन्या संगणकांची आणि गेमच्या यंत्रांची कवचं एबीएस या प्लास्टिकची आहेत. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन या तीन घटकांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. अ‍ॅक्रिलोनायट्राइलमुळे प्लास्टिक ताठ राहतं आणि रसायनांना दाद देत नाही. स्टायरिनमुळे ते साच्यात नीट वाहतं आणि चकचकीत दिसतं. ब्युटाडाइनपासून बनलेले रबराचे अतिसूक्ष्म कण त्यात विखुरलेले असतात. कन्सोल हातातून पडला तरी फुटत नाही, तो या रबरामुळे. आणि तो पिवळा पडतो, त्यालाही मुख्यतः हेच रबर जबाबदार असतं.

या रबराच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात. त्यांच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. अतिनील किरणांनी किंवा नुसत्या उष्णतेनेही तो सुटू शकतो. तो सुटला की मागे एक मुक्त मूलक उरतो, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा, अत्यंत अधीर असा रेणूचा तुकडा. हवेतला ऑक्सिजन त्याला लगेच चिकटतो. ही नवी जोडी शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेते आणि तिथे पुन्हा एक मूलक तयार होतो. स्वेटरचा एक टाका उसवला की पुढचे आपोआप सुटत जावेत, तसं हे चालू राहतं. वाटेत जी पेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेली संयुगं, तयार होतात तीही फुटतात आणि आणखी मूलकं मोकळी करतात. म्हणूनच बंद खोक्यात, अंधारात ठेवलेलं यंत्रही पिवळं पडू शकतं. उजेड हे काम लवकर उरकतो, पण तो नसला तरी ऑक्सिजन आणि वेळ पुरेसे असतात.

मग यातून पिवळाच रंग का येतो? एकटा दुहेरी बंध दृश्य प्रकाश शोषत नाही, त्याचं शोषण खोल अतिनीलमध्ये होतं. पण दुहेरी बंध एकाआड एक असे ओळीने जुळले की ती ओळ जितकी लांब, तितकं शोषण दृश्य प्रकाशाकडे सरकतं. गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनमध्ये असे अकरा बंध सलग असतात. ते निळा प्रकाश खातं आणि आपल्याला नारिंगी दिसतं. ऑक्सिजनच्या या साखळीने, म्हणजे ऑक्सिडीभवनाने, प्लास्टिकमध्येही छोट्या-छोट्या जुळलेल्या रचना आणि कार्बन-ऑक्सिजनचे दुहेरी बंध तयार होतात. त्या जांभळ्या-निळ्या टोकाकडचा प्रकाश शोषू लागतात आणि उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. रंग फार गडद वाटला तरी या रेणूंचं प्रमाण अत्यल्प असतं आणि ते मुख्यतः पृष्ठभागालगतच्या पातळ थरात असतात, कारण ऑक्सिजन आणि अतिनील किरण दोन्ही फार आत पोचत नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे रक्षकाचं पिवळं पडणं. ही साखळी रोखण्यासाठी उत्पादक प्लास्टिकमध्ये फिनॉलवर्गीय ऑक्सिडीभवनरोधक घालतात. ते मूलकाला आपला हायड्रोजन देऊन शांत करतात. पण हे करताना त्यांचं स्वतःचं रूपांतर क्विनोनसारख्या संयुगांत होतं आणि ही संयुगं पिवळी असतात. म्हणजे काही यंत्रांवर दिसणारा पिवळेपणा हा प्लास्टिक वाचवताना खर्ची पडलेल्या रसायनांचाही असतो.

हौशी लोकांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे, की सगळा दोष ब्रोमीनचा. आगीला अटकाव व्हावा म्हणून विजेच्या उपकरणांच्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक घालत असत, हे खरंच. कार्बन-ब्रोमीन बंध दुबळा असतो, तो किरणांनी तुटतो आणि मूलकांच्या साखळीला हातभार लावतो, हेही खरं. पण ज्यांत ज्वालारोधकाची काही गरजच नसते असे एबीएसचे पांढरे खेळण्यातले ठोकळेही पिवळे पडतातच. ब्रोमीन हे अनेक कारणांपैकी एक आहे, त्याला एकट्याला आरोपी करण्यात अर्थ नाही.

उपायाकडे वळण्याआधी एक साधी चाचणी करायलाच हवी. ओल्या फडक्यावर भांड्यांचा साबण घेऊन न दिसणारा कोपरा पुसावा. फडक्यावर तपकिरी डाग उतरला तर तो सिगारेटच्या धुराचा किंवा हाताच्या मळाचा थर आहे, तो साबण-पाण्यानेच जाईल. फडकं स्वच्छ राहिलं आणि भाग तसाच पिवळा, तर रंग प्लास्टिकच्या रेणूंमध्येच आहे. तो कितीही घासला तरी जाणार नाही. उलट पृष्ठभागावरची बारीक खरखर घासून गुळगुळीत होईल, आणि ती पुन्हा आणता येत नाही.

२००८ मध्ये जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी या पिवळेपणावर एक रासायनिक तोड काढली. हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात कपड्यांचे डाग काढणारी ऑक्सिजनयुक्त पावडर थोडीशी, आणि अतिनील प्रकाश. लेप उभ्या भागावरून ओघळू नये म्हणून त्यात झँथन गम आणि ग्लिसरीन घालून जेल बनवलं. या कृतीला रेट्रोब्राइट हे नाव पडलं. तिच्यावर कुणी पेटंट घेतलं नाही, ती सर्वांसाठी खुली ठेवली. मला याचं फार अप्रूप वाटतं. आज जगभर हजारो यंत्रं पुन्हा मूळ रंगात दिसतात त्याला हा मोकळेपणाही कारणीभूत आहे.

पेरॉक्साइड पिवळा थर विरघळवत नाही. त्यातून निघणारी क्रियाशील ऑक्सिजन-संयुगं त्या जुळलेल्या दुहेरी बंधांवर हल्ला करतात आणि ओळ मधेच तोडतात. ओळ आखूड झाली की शोषण पुन्हा अतिनीलकडे सरकतं आणि डोळ्यांना रंग दिसेनासा होतो. रेणू मूळ अवस्थेत परत जात नाहीत, त्यांचा फक्त रंग जातो.

आता एक विरोधाभास. ज्या उन्हाने प्लास्टिक पिवळं केलं, त्याच उन्हात पेरॉक्साइडशिवाय नुसता ठेवलेला भागही अनेकदा उजळतो. अतिनील किरण नवे रंगीत रेणू घडवतात, तर उन्हातला जांभळा-निळा प्रकाश तयार असलेल्या पिवळ्या रेणूंना मोडतो, कारण तोच प्रकाश ते शोषतात. यातलं कुठलं काम वरचढ ठरेल हे प्लास्टिक, तापमान आणि प्रकाशावर अवलंबून असतं. दुसरीकडे, काही जण उजेडाशिवाय, कोमट पेरॉक्साइडच्या द्रावणात भाग बुडवून ठेवतात आणि तेही चालतं. पेरॉक्साइड स्वतः मुख्यतः ३०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे अतिनील किरण शोषतं आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ते फारच थोडे असतात. त्यामुळे उन्हात ठेवलेल्या टबात बरंचसं काम उष्णताच करत असते. फक्त तापमान साठ अंशांच्या आसपास ठेवावं. एबीएस मऊ व्हायला शंभर अंशांच्या वर जावं लागत असलं, तरी साच्यात थंड होताना आत अडकलेले ताण पातळ झाकणांना त्याच्या बरेच आधी वाकवतात.

प्रत्यक्ष काम करताना आधी यंत्र पूर्ण उघडावं लागतं. सुपर निन्टेंडोच्या कन्सोलला ४.५ मिलिमीटरचे आणि काडतुसांना, म्हणजे त्यात बसवायच्या गेमच्या डब्यांना, ३.८ मिलिमीटरचे खास स्क्रू असतात, साधा पेचकस त्यांना बसत नाही. सर्किट बोर्ड, स्प्रिंगा, धातूच्या पट्ट्या सगळं बाजूला काढायचं. लोखंड आणि तांबं पेरॉक्साइडचं विघटन वेगाने करतात, म्हणून भांडंही काचेचं किंवा प्लास्टिकचं हवं. छापील चिन्हं आणि रंगीत बटणं या कामापासून लांबच ठेवलेली बरी, त्यांचाही रंग उडू शकतो.

केस रंगवताना वापरतात ते ‘४० व्हॉल्यूम’चं क्रीम म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, आणि ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे ६ टक्के. एक लिटर द्रावणातून किती लिटर ऑक्सिजन निघेल, तो हा आकडा. क्रीम लावून वर पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळण्याची पद्धत सोपी वाटते, पण तिथेच घात होतो. कागदाखाली कुठे क्रीम जाड, कुठे पातळ, कुठे हवेचा बुडबुडा. क्रीम काढल्यावर त्याच आकाराच्या पांढऱ्या-पिवळ्या लाटा प्लास्टिकवर उमटलेल्या दिसतात आणि त्या सारख्या करणं फार जड जातं. पूर्ण बुडवण्यातही अडचण आहे. एबीएसची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त असते. ऑक्सिजनचे बुडबुडे खालच्या बाजूला चिकटू लागले की तो भाग हळूच वर येऊन तरंगतो आणि जिथे पृष्ठभाग हवेला लागतो तिथे रेघ पडते. म्हणून त्याला वजनाने दाबून ठेवावं आणि अधूनमधून हलवून बुडबुडे झाडावेत. माझ्या मते घाई नसलेल्या माणसाने कमी तीव्रतेचं द्रावण घ्यावं. जास्त वेळ तीव्र द्रावणात राहिलेल्या भागावर खडूसारखी पांढरट झाक चढते.

१२ टक्के द्रावण त्वचा भाजतं आणि डोळ्यांना गंभीर इजा करतं, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. भांडं कधीही घट्ट बंद करू नये, आतल्या ऑक्सिजनचा दाब वाढून ते फुटू शकतं. अ‍ॅसिटोन, व्हिनेगर किंवा दुसरं कोणतंही क्लीनर त्यात मिसळायचं नाही. अ‍ॅसिटोनबरोबर तर स्फोटक संयुग बनू शकतं.

आणि एवढं करूनही पिवळेपणा परत येऊ शकतो. काही भाग वर्ष-दोन वर्षांत पुन्हा पिवळे दिसू लागतात, काही बराच काळ टिकतात. रबर तेच असतं, रक्षक रसायनं संपलेली असतात आणि हवा तर कायमच असते. वरून अतिनीलरोधक पारदर्शक लेप मारण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. अंधारातलं ऑक्सिडीभवन त्याने थांबत नाही आणि एकदा मारलेला लेप मूळ पृष्ठभागाला धक्का न लावता काढता येत नाही. हलका, सगळीकडे सारखा पिवळेपणा असेल तर मी त्याला हात लावणार नाही. दोन भाग अगदी विजोड दिसत असतील, तरच फक्त पिवळा भाग उजळावा, आणि तोही दुसऱ्याच्या रंगाशी जुळेपर्यंतच.

साठवणुकीने मात्र खूप फरक पडतो. थंड, कोरडी, अंधारी जागा उत्तम. तापमान वाढलं की ऑक्सिडीभवनाचा वेग झपाट्याने वाढतो, त्यामुळे छताखालचा तापणारा माळा सगळ्यांत वाईट. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. कंट्रोलरची, म्हणजे गेम खेळताना हातात धरायच्या बटणांच्या साधनाची, वायर कंट्रोलरभोवती गुंडाळून ठेवायची सवय असते. वायरचं आवरण मऊ पीव्हीसीचं असतं आणि ते मऊ ठेवणारं तेलकट रसायन वर्षानुवर्षांत बाहेर झिरपून शेजारच्या एबीएसला विरघळवतं. वायर सोडवली की तिच्या वळणांचे खोलगट चर कंट्रोलरवर उमटलेले सापडतात. ते कुठल्याही पेरॉक्साइडने जात नाहीत. वायर सैल गुंडाळून वेगळ्या कागदी पाकिटात ठेवली, तर हे नुकसान होतच नाही.