कंडेन्सरमध्ये नेमके काय दाटते?

बटण दाबल्यावर पंखा नुसताच गुणगुणत राहिला आणि पात्याला हाताने ढकलल्यावर मात्र फिरू लागला, की मेकॅनिक वरची वाटी सरकवून सांगतो, "कंडेन्सर गेलाय." काढलेल्या डबीवर '२.५ मायक्रोफॅरड' या आकड्याशेजारी छापलेले असते 'कपॅसिटर'. वस्तू एकच, विद्युतभार साठवणारी; 'कंडेन्सर' हे तिचे जुने नाव.

लॅटिनमध्ये 'डेन्सस' म्हणजे दाट. अठराव्या शतकात वीज हा एक अदृश्य द्रव मानला जाई, आणि १७४५-४६ मध्ये क्लाइस्ट व मुशेनब्रूक यांना वेगवेगळे सापडलेल्या लायडन बरणीत, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीत, तो साठतो, अशी समजूत होती. पुढे इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टाने १७८२ मध्ये आपल्या उपकरणाला 'कोंदेन्सातोरे' म्हटले. कमी विद्युतवाहक अशा संगमरवराच्या लादीवर धातूची तबकडी ठेवून तिला अतिशय क्षीण विद्युतभार द्यायचा आणि मग दांड्याला धरून ती उचलायची. लादीवर असताना विद्युतमापकाला जाणवतही नसलेला भार तबकडी वर येताच ठळकपणे दिसे. भार तेवढाच राहतो, पण तबकडी आणि लादी यांतले अंतर वाढल्याने तो धरून ठेवण्याची क्षमता घटते आणि म्हणून विद्युतदाब वाढतो, हे त्यामागचे कारण होय. व्होल्टाला मात्र तबकडीत वीज 'दाटून' आल्यासारखी वाटली, आणि त्याच्या काळाच्या कल्पनांनुसार ते नाव चपखलच होते.

प्रत्यक्षात काहीच दाटत नाही. कपॅसिटरमध्ये समोरासमोर दोन धातूच्या पट्ट्या असतात; एका पट्टीवर जितका धन भार, तितकाच दुसरीवर ऋण भार असतो. म्हणजे बेरीज शून्यच. शिवाय जेम्स वॉटच्या १७६९ च्या पेटंटपासून वाफेचे पाणी करणारे भांडेही 'कंडेन्सर'च आहे, आणि तिथे दाटणे अगदी खरे असते. विसाव्या शतकात 'कपॅसिटर' हा शब्द रूढ झाल्यावर हा घोळ बराचसा मिटला. मराठी परिभाषेने वाफेसाठी 'संघनक' आणि विजेसाठी 'धारित्र' असे वेगळे शब्द घेतले, हे माझ्या मते अधिक शहाणपणाचे. मेकॅनिकला मात्र ते कोणी कळवलेले दिसत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आजही 'कंडेन्सर माइक'च म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये तयार केलेल्या या माइकमध्ये ताणलेला पातळ पडदा आवाजाने थरथरतो, मागच्या पट्टीपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि भार जवळजवळ तोच राहिल्याने विद्युतदाब त्याप्रमाणे कमीजास्त होतो. व्होल्टा तबकडी हाताने उचलत असे. इथे ते काम गाणाऱ्याचा आवाज सेकंदाला शेकडो वेळा करतो.