इंदूर ते न्यूअर्क: दोऱ्याचा हिशेब आणि घड्याळाचा

इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरात ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: इथून न्यूयॉर्कशेजारचं न्यूअर्क किती लांब? एकदा मी पृथ्वीच्या गोलावर शिवणाचा दोरा ताणून पाहिला. तो अरबी समुद्राकडे वळेल अशी माझी खात्री होती. पण दोरा निघाला थेट वर, पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया ओलांडत, आणि नॉर्वेजवळ उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे जाऊन खाली उतरला. सर्वांत जवळची वाट हीच, साधारण 12,300 किलोमीटर. भिंतीवरचा सपाट नकाशा इथे हमखास फसवतो.

असा हिशेब करण्याची विद्या आमच्या शेजारीच नांदत होती. सिद्धांतग्रंथांची, म्हणजे जुन्या ज्योतिषगणिताच्या ग्रंथांची, मध्यरेषा उज्जैनवरून जाते. आपल्याकडचं शून्य रेखांशच म्हणा ना. एकच चंद्रग्रहण दोन गावांत स्थानिक वेळेनुसार किती घटिकांच्या फरकाने दिसतं, यावरून देशांतर, म्हणजे रेखांशातला फरक, काढत. एक घटिका म्हणजे 24 मिनिटं, म्हणजेच 6 अंश. भास्कराचार्यांनी तर उज्जैन विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर आहे असं मांडलं, म्हणजे साडेबावीस अंश. आजचा आकडा 23 च्या थोडा वर. त्याच मापाने न्यूअर्क आमच्यापासून 25 घटिका दूर, सूर्याच्या वेळेने बरोबर दहा तास.

विमान आलं ते होळकरांच्या काळात. 1935 मध्ये विमानतळासाठी इंदूरजवळच्या बिजासनची जागा ठरली आणि 1937 मध्ये टाटांच्या विमानांनी इंदूर मुंबई-दिल्लीशी जोडलं गेलं. परदेशवारी मात्र मुंबईहूनच. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. 1960 मध्ये बोइंग 707 लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं, आणि मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण एअर इंडियाने सुरू केलं ते 2007 मध्ये.

दोऱ्याला दोन गोष्टी कळत नाहीत. पहिली वारा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त, येताना कमी. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पूर्वेकडे, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने लांबली, तरी वारा पाठीशी असल्याने प्रवास जवळपास दोन तास लवकर आटोपला! लांबची वाट लवकरची, हे एरवी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

दुसरी गोष्ट राजकारण. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा पडून इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. म्हणजे दोऱ्याने दाखवलेल्या वाटेची सुरुवातच बंद.

शिवाय इंदूरकराचा स्वतःचा वळसा असतोच. न्यूअर्क उत्तरेच्या वाटेवर, आणि आपण आधी पाचशे किलोमीटर दक्षिणेला मुंबई गाठायची. मागच्या खेपेला ताईने भाच्याला रात्री फोन केला, "पोचलास का रे समुद्रापार?" तो मुंबईच्या सहार विमानतळावरच बसला होता, पोह्यांचा डबा उघडून.