लघुव्यक्तिचित्र, यूरोपीय

तळहातावर मावेल एवढे, जलरंगात रंगवलेले व्यक्तिचित्र. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणाअखेरीस (सु. १५२५) इंग्लंड व फ्रान्सच्या दरबारांत ते जवळजवळ एकाच वेळी दिसू लागते. राजपूत-पहाडी लघुचित्रांशी त्याचे नाते बव्हंशी नामसाधर्म्याचे आहे.

‘मिनिएचर’ या शब्दाचा मुळात लहानपणाशी संबंध नाही. लॅटिन ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांतील आद्याक्षरे शेंदराने रेखण्याच्या कामावरून हा शब्द आला. ‘लहान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांशी ध्वनिसाम्य असल्याने पुढे त्याला आजचा अर्थ चिकटला. खुद्द इंग्रज चित्रकार या कलेला ‘लिम्निंग’ म्हणत. तेव्हा मराठी ‘लघुचित्र’ हे त्या गोंधळाचेच भाषांतर म्हणावे लागेल. पण ते आता इतके रुळले आहे की बदलण्यात अर्थ नाही.

प्रारंभाचा मान कोणाचा, यावर मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते तो फ्रान्सच्या दरबारातील चित्रकार झां क्लूए याचा. फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याच्यासाठी १५१९ च्या सुमारास सजवलेल्या हस्तलिखितात त्याच्या सरदारांच्या वर्तुळाकार मुखप्रतिमा आहेत आणि त्या क्लूएच्या मानल्या जातात. ही वर्तुळे पानातून सुटी झाली की लघुव्यक्तिचित्र तयार, असा हा युक्तिवाद. १५२६ च्या अखेरीस फ्रान्स्वाच्या बहिणीने आठव्या हेन्रीकडे राजा व राजपुत्रांची चित्रे बसवलेली पदके पाठवली, याचीही नोंद आहे. दुसरा पक्ष घेंटहून इंग्लंडला आलेल्या लूकास होरेनबाउटचे नाव घेतो. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील हेन्रीच्या चित्रावर वयाचा आकडा ३५ आहे. हेन्रीचा जन्म जून १४९१ चा. ‘पस्तिसावे वर्ष चालू’ असे वाचले तर चित्र जून १५२५ ते जून १५२६ मधले, म्हणजे फ्रेंच पदकांच्या आधीचे. ‘पस्तीस पूर्ण’ असे वाचले तर ते वर्षभर पुढे सरकते व प्रश्न पुन्हा खुला होतो. चित्रावरील लॅटिन शब्दप्रयोगाचा काटेकोर अर्थ पहिल्या वाचनाकडे झुकतो. मात्र चित्रावर सही नाही, आणि होरेनबाउटचे कर्तृत्व शैली व दरबारी वेतननोंदी यांवरूनच ठरवलेले आहे. दोन्ही पक्षांना मान्य असलेली बाब अधिक महत्त्वाची : हे तंत्र हस्तलिखित सजवणाऱ्यांचेच होते. जर्मन चित्रकार हान्स होलबाइनही ते लंडनमध्ये ‘लूकास’ नावाच्या उस्तादाकडून शिकला, असे चित्रकारांचा चरित्रकार कारेल व्हान मांडर (१६०४) सांगतो. इंग्लंडच्या दरबारातील चित्रकर्ती लेव्हिना टेर्लिंक हिला होलबाइनपेक्षा जास्त, सालीना ४० पौंड वेतन होते. पण निर्विवादपणे तिचे म्हणता येईल असे एकही चित्र नाही.

चर्मपत्राचा पातळ तुकडा खेळण्याच्या पत्त्यावर चिकटवून त्यावर रंगकाम होई. निकोलस हिल्यर्डच्या (सु. १५४७–१६१९) काही चित्रांच्या पाठीमागे बदामाची पाने अजून दिसतात. अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएराने हस्तिदंत रूढ केला. तपकिरीच्या डब्यांची झाकणे रंगवण्यापासून तिची सुरुवात झाली होती. हस्तिदंताच्या गुळगुळीत पृष्ठावर पाणरंग घसरतो; म्हणून त्याचा तेलकटपणा काढून तो घासावा लागे व रंग ठिपक्याठिपक्यांनी भरावा लागे. त्या बदल्यात पातळ पापुद्र्यातून उजेड आरपार जाऊन त्वचेला सजीव झाक येई. हा हस्तिदंत चित्रकारांना भारतापर्यंतही घेऊन आला, असे मात्र नाही. त्यांना ओढले ते कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या पैशाने. जॉन स्मार्ट १७८५ ते १७९५ मद्रासेत होता आणि त्या काळातल्या सहीत ‘इंडिया’चे आद्याक्षर जोडी. त्याआधी, १६१६ च्या सुमारास, इंग्रज वकील टॉमस रो याने जहांगीराला असेच एक इंग्रजी चित्र दाखवले होते. दरबारी चित्रकाराने त्याच्या हुबेहूब नकला केल्या व मेणबत्तीच्या उजेडात मूळ चित्र ओळखताना रोची तारांबळ उडाली, हे तो स्वतःच लिहितो.

ही चित्रे भिंतीसाठी नव्हती. ती पदकात, डबीत किंवा कागदात गुंडाळून कपाटात असत. १५६४ मध्ये एलिझाबेथने स्कॉटिश वकील मेल्व्हिलला शयनगृहात नेऊन तशी पुडी उघडून दाखवली; तिच्यावर राणीच्या हातचे नाव होते. पहिल्या चार्ल्सने व्हाइटहॉल वाड्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र दालन राखले. तेथील संग्रहपाल आब्राहाम व्हान डर डोर्ट याने १६४० मध्ये आत्महत्या केली. एक लघुचित्र आपल्या हातून हरवले या समजुतीने, असे सांगतात. भिंतीवर ती आली प्रदर्शनांमुळे. सॉमरसेट हाउसमध्ये १७८० पासून भरणाऱ्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लघुचित्रे शेकोटीभोवती दाटीने लावत. डोळ्यांच्या उंचीवर असली तरी शेजारच्या भव्य तैलचित्रांपुढे त्यांचा निभाव लागणे अवघडच होते.

संग्रहालयांत ती काचेच्या आडव्या पेटीत, मंद (बहुधा ५० लक्सच्या आसपास) उजेडात ठेवतात. कारण पाणरंग उडतो आणि दमटपणाने हस्तिदंत वाकतो. १८३९ मध्ये दागेरोटाइप (छायाचित्रणाची आरंभीची पद्धत) आल्यावर धंदा ओसरला. हस्तिदंत-व्यापारावरील ब्रिटिश बंदीतून (कायदा २०१८) १९१८ पूर्वीची, ३२० चौ. सेंमी. पर्यंतची लघुव्यक्तिचित्रे वगळलेली आहेत.