समुद्रतळ ते वावर: पॉलिथिनची कुळकथा

टोमॅटोचा प्लॉट संपला की मल्चिंग पेपर, म्हणजे बेडची माती झाकणारी प्लास्टिकची फिल्म, काढायचं काम निघतं आणि ते कुणालाच नको असतं. बेडच्या माथ्यावरचा पेपर सहज उचलला जातो. कडा मात्र मातीत दाबलेल्या. तिथे ओढलं की चर्रकन फाटतो. वरची पट्टी हातात, खालची मातीत. उन्हाने महिनोन्‌महिने भाजलेल्या भागाचा तर चिमटीतच चुरा होतो. मग रोटाव्हेटर फिरतो आणि चंदेरी-काळे तुकडे वावरभर होतात.

हा पेपर म्हणजे पॉलिथिन. प्लास्टिकला शिव्या देताना आपण सगळी प्लास्टिकं एकाच दावणीला बांधतो, पण याची गोष्ट निराळी आहे. ते पिशवीसाठी जन्मलं नाही, शेतासाठी तर नाहीच. त्याला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते समुद्राखालून केबल टाकणाऱ्यांचं.

पाण्याखालून तार न्यायची तर तांब्याला असं वेष्टण हवं, जे पाणी आत घेणार नाही आणि कुजणार नाही. १८४०च्या दशकात मलायातल्या एका झाडाचा चीक सिंगापूरहून लंडनला पोचला: गटापर्चा. गरम पाण्यात मऊ, गार झाला की घट्ट. त्याच्या जोरावर १८५१ मध्ये डोव्हर ते कॅले, १८६६ मध्ये अटलांटिकपार टिकाऊ तार गेली आणि १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली. मुंबई लंडनशी समुद्राखालून जोडली गेली ती या चिकामुळे. चिकासाठी झाड मात्र आडवं पाडत आणि एका झाडातून हाती लागे ते थोडंच. मैलोन्‌मैल केबलसाठी मलायातली जंगलं साफ होत गेली. म्हणजे निसर्गाचं नुकसान करायला कृत्रिम प्लास्टिकच लागतं असं नाही.

पॉलिथिनचा जन्म मात्र निव्वळ चुकीतून झाला. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात विनिंग्टन इथे आयसीआय या रसायन कंपनीची प्रयोगशाळा होती. मार्च १९३३ मध्ये रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट इथिलीन वायू आणि बेंझाल्डिहाइड यांची प्रक्रिया घडवू पाहत होते: तापमान १७० अंश, दाब वातावरणाच्या सुमारे २,००० पट. शनिवार-रविवार भांडं तसंच ठेवलं. सोमवारी, २७ मार्चला उघडलं तर हवी ती प्रक्रिया झालीच नव्हती. नळीला मेणासारखं काहीतरी लागलं होतं, अर्धा ग्रॅमही नसेल. गिब्सनने वहीत तेवढीच नोंद केली. प्रयोग पुन्हा करताना स्फोट झाले आणि काम गुंडाळलं गेलं.

डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी दणकट उपकरणं घेऊन ते पुन्हा हाती घेतलं. भांड्याला गळती होती, म्हणून त्यांनी वरून आणखी इथिलीन भरलं आणि आठेक ग्रॅम पांढरी भुकटी मिळाली. नंतर उलगडलं की भरलेल्या इथिलीनमध्ये किंचित ऑक्सिजन होता आणि साखळी सुरू करून द्यायला नेमका तोच लागतो. गळती नसती तर?

इथिलीनचे हजारो रेणू एकापुढे एक गुंफले की पॉलिथिन होतं: कार्बनची लांब माळ, प्रत्येक मण्याला दोन हायड्रोजन. इतकी साधी रचना, आणि तिच्यातच सगळं आलं. माळेत विद्युतभाराचा असमतोल जवळजवळ नाही, त्यामुळे उच्च वारंवारितेचे संदेश नेताना वेष्टण स्वतः ऊर्जा खात नाही. गटापर्चा तिथे कमी पडायचा. आयसीआयमधल्या, आधी गटापर्चावर काम केलेल्या माणसांच्या हे लगेच ध्यानात आलं. पहिला कारखाना सुरू झाला १ सप्टेंबर १९३९ रोजी; त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. मग समुद्री केबल बाजूला राहिली आणि माल गेला रडारच्या तारांना. विमानात मावेल इतकं सुटसुटीत रडार या वेष्टणामुळे शक्य झालं. केबलचं काम पूर्ण झालं ते युद्धानंतर: १९५६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ओबानहून न्यूफाउंडलंडपर्यंत पहिली अटलांटिकपार टेलिफोन केबल गेली, पॉलिथिनच्या वेष्टणात.

ती माळ आत कशी असते हे १९५७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर यांनी दाखवलं. पॉलिथिनचे एकेकटे स्फटिक बनवून त्यांनी पाहिलं तर पापुद्रा जेमतेम १० नॅनोमीटर जाड आणि माळ त्याहून कितीतरी लांब. म्हणजे ती घडी घालूनच बसत असणार, नऊवारीच्या निऱ्यांसारखी, पुढे-मागे, पुढे-मागे. हे घट्ट घड्यांचे भाग आणि मधला सैल गुंता मिळून पॉलिथिन चिवट होतं. जिवाणूंच्या दृष्टीने ही माळ म्हणजे बिनकड्यांचा दरवाजा. विकराला (रेणू तोडणाऱ्या एन्झाइमला) धरायला कुठे ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही. आणि तुकडा इतका मोठा की पेशीत शिरत नाही. केबलवाल्यांना हेच हवं होतं, समुद्रतळाशी काही खाऊ नये.

दरम्यान १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी कमी दाबावर पॉलिथिन बनवायची रीत काढली आणि माल स्वस्त झाला. साठच्या दशकात स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन थुलिन यांनी बनियनच्या आकाराची पिशवी काढली. तिचं अमेरिकी पेटंट १९६५ चं. भारतात पॉलिथिन बनू लागलं १९५९ मध्ये, बंगालमधल्या रिश्रा इथे.

पिशवी येण्याआधी वाण्याच्या दुकानात दोऱ्याचं रीळ टांगलेलं असे. रद्दीच्या कागदाची पुडी, दोऱ्याचे दोन वेढे, एक झटका, तुकडा. ते कसब पिशवीने निकालात काढलं. पिशव्या बनवायला मोठं भांडवल लागत नाही: प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणारा एक एक्स्ट्रूडर, त्यातून वर जाणारा पातळ फुगा, पुढे कापून चिकटवणारं यंत्र. गाळ्यात मावणारा धंदा. आता हिशेब बघा. कच्चा माल घेतात किलोवर आणि दुकानदार मोजतो नग. फुगा जितका पातळ, तितक्या किलोमागे पिशव्या जास्त. पण पातळ पिशवी कचरावेचक उचलत नाही, किलोभर व्हायला दिवस जातो. पिशवी गटारात राहते ती या हिशेबामुळे.

म्हणून आपले कायदे मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मागे लागलेले दिसतात. केंद्राची किमान जाडीची पहिली मर्यादा १९९९ मध्ये, २० मायक्रॉन. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तुंबलेल्या नाल्यांचं खापर पिशव्यांवर फुटलं आणि महाराष्ट्राने ५० मायक्रॉनची अट आणली. मार्च २०१८ मध्ये राज्यात पिशवीबंदीच आली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. केंद्राची मर्यादा सरकत सरकत २०२२ अखेर १२० मायक्रॉनवर गेली. भाजीवाल्याच्या गाडीवर आजही काय लटकतं ते सांगायला नको.

शेताकडे या मोजपट्टीचं लक्ष उशिरा गेलं. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या एमरी एमर्ट यांनी १९४८ मध्ये काचेऐवजी फिल्म ताणून हरितगृह उभारलं, पुढे तीच जमिनीवर अंथरून पाहिली. ओल टिकते, तण दबतं, पीक लवकर हाती येतं. फायदा खरा आहे, उगाच कोणी बंडलं विकत घेत नाही. चीनने तो सर्वांत मोठ्या प्रमाणावर घेतला, तेही आठ मायक्रॉनच्या फिल्मवर. इतकी पातळ फिल्म गोळा करता येत नाही. वर्षानुवर्षांचे तुकडे साचले, त्याला तिथे ‘पांढरं प्रदूषण’ म्हणतात. २०१८ पासून किमान जाडी दहा मायक्रॉन केली.

मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, हा शब्द रुळला तो २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन यांच्या समुद्रावरच्या शोधनिबंधामुळे. मातीचं काय, हे बर्लिनच्या मथियास रिलिग यांनी विचारलं ते २०१२ मध्ये. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथे २०१६ मध्ये एस्पेरांझा हुएर्ता ल्वांगा यांनी गांडुळांच्या खाद्यात पॉलिथिनचा भुगा मिसळला. ७ टक्क्यांना फारसं बिघडलं नाही. २८ आणि त्यापुढे गांडुळं खुरटली, मेली. शेतात इतकं प्रमाण सहसा नसतं, त्यामुळे या आकड्यावरून लगेच घाबरायला नको. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं निरीक्षण: वरचे कण गांडुळं आपल्या बिळांतून खाली नेतात. आपण वरून कितीही वेचलं तरी नांगराखालचा हिशेब वेगळाच राहतो.

जैवविघटनशील मल्चसाठी युरोपने २०१८ मध्ये मानक आणलं: दोन वर्षांत मातीत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. तो पेपर महाग पडतो. आणि आपल्या टोमॅटोच्या बेडवर पेपरच्या खालीच ठिबकची नळी पसरलेली असते, तीही पॉलिथिनचीच. ती अनेक हंगाम टिकावी म्हणून शेतकरी कारखान्याकडे हमी मागतो. वरचा पेपर मात्र पीक निघालं की नाहीसा व्हायला हवा असतो.